आधी आईचं बघा, मग वाटण्यांचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, 79 वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई 72. पुण्यातला फ्लॅट अण्णांनी 1996 साली स्वतःच्या कमाईतून घेतला, तो त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेत आणि पोस्टात ठेवी. कोरेगाव तालुक्यात पणजोबांपासूनची अडीच एकर जमीन, सातबाऱ्यावर 84 वर्षांच्या थोरल्या काकांचं एकट्याचं नाव. अण्णांची आणखी दोन भावंडं आहेत, धाकटे काका आणि आत्या. प्रश्न विचारणारे चिरंजीव पुण्यातच असतात, बहीण लग्न होऊन कोल्हापूरला. ओळखीतल्या एकांनी सल्ला दिला की फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घ्या, 200 रुपयांच्या मुद्रांकावर होतं, आणि बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्या. पुढची कटकट मिटेल. अण्णांपाशी विषय काढला तर ते म्हणाले, "माझ्या जाण्याची एवढी घाई झालीय का?" आता काय करावं?

मी साताऱ्यात 27 वर्षं दिवाणी वकिली करते. माझ्या कपाटातल्या निम्म्याहून जास्त फायली वाटपाच्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरांत कोणीही वाईट नव्हतं. म्हणून आधी सरळ उत्तर देते: फ्लॅटचं बक्षीसपत्र आत्ता करू नका, आणि बहिणीकडे हक्कसोडाची सहीही मागू नका.

तुमच्या प्रश्नात फ्लॅट कोणाला जाईल, जमीन कोणाला जाईल, बहिणीचं काय, हे सगळं आलंय. आई फक्त वयापुरती आलीय. मला सगळ्यात आधी तीच दिसते. आई अण्णांपेक्षा सात वर्षांनी लहान आहे. अण्णांच्या मागे ती दहा-पंधरा वर्षं जगेल असं धरून चालायला हवं. त्या वर्षांत ती कुठल्या घरात राहील, ते घर कोणाच्या सहीने विकलं जाऊ शकेल, तिच्या औषधाचा पैसा कोणत्या खात्यातून येईल, याची उत्तरं मिळाली की बाकीच्या वाटण्या आपोआप सोप्या होतात. ती न शोधता केलेली कुठलीही व्यवस्था म्हातारीला उतारवयात दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडते. हे मी पाहिलेलं आहे.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बांधलेलं घर एकुलत्या एका मुलाला बक्षीसपत्राने दिलं. मुलगा चांगला होता, आईवडिलांना जपणारा. त्याने धंद्यासाठी ते घर तारण ठेवून कर्ज काढलं. वडील गेले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी 44 व्या वर्षी हृदयविकाराने मुलगाही गेला. आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात विजेचं बिल होतं. नवऱ्याच्या नावाचं बिल अजून येत होतं, म्हणून तिला वाटत होतं की घर अजून 'ह्यांचंच' आहे. कायद्याने मुलाच्या मिळकतीत आई वारस असते. सून, दोन नातवंडं आणि ती, असे चार समान हिस्से. पण त्याआधी कर्ज. सुनेपुढे घर विकून कर्ज फेडण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि तिलाही दोन मुलं वाढवायची होती. आजीबाई कऱ्हाडला मुलीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्या टेबलावर ते बिल ठेवून म्हणाल्या, "हे आता कोणी भरायचं?"

बक्षीसपत्राचा धोका हा असा असतो. आपण मुलगा नालायक निघेल का एवढाच विचार करतो. मुलाचं कर्ज, मुलाचं आजारपण, मुलाचा घटस्फोट, मुलाचं आधी जाणं, हे कोणी धरत नाही. बक्षीसपत्र नोंदवलं त्या क्षणी मालकी गेली. नुसतं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. 200 रुपयांची गोष्ट खरी आहे: महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क तेवढंच लागतं, वर इतर आकार येतात ते वेगळे. पण स्वस्त पडतं म्हणून आयुष्यभराची कमाई हातावेगळी करू नये.

कोणी सांगेल की 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, मुलाने सांभाळलं नाही तर प्रांतांकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करता येतं. येतं, कलम 23 खाली. पण देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली होती, हे दाखवावं लागतं. 2022 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच कोर्टाने कायद्याचा हेतू पाहून ज्येष्ठांच्या बाजूने जास्त उदार अर्थ लावला. तरीही 80 वर्षांच्या माणसाने पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज देऊन तारखांना जाणं म्हणजे काय, हे मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. अगदीच बक्षीसपत्र करायचं ठरलं, तर दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. माझा सल्ला मात्र इच्छापत्राचाच राहील.

काहीच केलं नाही तर काय होईल, तेही समजून घ्या. अण्णांचा फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. इच्छापत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तो आई, तुम्ही आणि बहीण यांच्यात समान वाटला जाईल. म्हणजे ज्या घरात आईने जवळजवळ 30 वर्षं चूल पेटवली, त्यात तिचा एक तृतीयांश. अण्णांची आई हयात असती तर तिचाही हिस्सा आला असता आणि चार वाटे झाले असते. हे फार लोकांना माहीत नसतं. आज तुम्ही आणि बहीण दोघंही आईचं मन मोडणार नाही, हे मी मानते. पण एक तृतीयांश हिस्सा असलेल्या आईला उद्या घर भाड्याने द्यायचं, विकून लहान घर घ्यायचं, आजारपणात त्यावर कर्ज काढायचं, तर प्रत्येक वेळी तुमच्या दोघांच्या सह्या लागतील. आणि तुमच्यापैकी एक जण नसेल तर जावयाच्या, सुनेच्या, नातवंडांच्या.

म्हणून अण्णांनी इच्छापत्र करावं आणि फ्लॅट आधी आईला द्यावा. पूर्ण मालकीने द्यावा, यावर माझा भर आहे. बरेच जण लिहून आणतात, "पत्नीला तहहयात उपभोगाचा हक्क, तिच्या पश्चात मुलाला." ऐकायला हे नीटनेटकं वाटतं. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. पत्नीला पोटगीचा हक्क मुळातच असतो. त्या हक्कापोटी तिला मिळकत दिली असेल तर मर्यादित हक्कसुद्धा पूर्ण मालकीचा होतो, असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये ठरवलं. पुढे वेगवेगळ्या निकालांत वेगवेगळं सांगितलं गेलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये तो सगळा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. ज्या वाक्यावर सुप्रीम कोर्टालाच पुन्हा बसावं लागतंय, ते वाक्य तुमच्या घरच्या कागदात कशाला? आईला पूर्ण द्या, आणि आईने त्याच दिवशी स्वतःचं वेगळं इच्छापत्र करावं. दोघांचं एकत्र नको, कागद दोन हवेत.

आता आतला मजकूर. फ्लॅटचं वर्णन खरेदीखतातून आणि सूची दोनमधून (नोंदणी कार्यालयातून मिळणारा त्या दस्ताचा उतारा) जसंच्या तसं घ्या. त्यानंतर आईचं नाव. मग एक वाक्य असं लागतं, "ती माझ्याआधी मृत्यू पावल्यास सदर मिळकत मुलगा व मुलगी यांना समान हिश्श्याने मिळेल," किंवा अण्णांची जी इच्छा असेल तसं. हे वाक्य नसलं आणि आई आधी गेली, तर इच्छापत्राचा तो भागच फुकट जातो. शेवटी "या इच्छापत्रात नमूद न केलेली व पुढे मिळणारी सर्व मिळकत" कोणाला, तेही लिहा. निवृत्तीनंतर काढलेली एखादी ठेव किंवा जुने शेअर हमखास राहून जातात. तुम्ही कर्जाचे हप्ते भरले असतील, किंवा बहिणीने आजारपणात वर्षभर सेवा केली असेल, आणि त्यामुळे अण्णांना कमीजास्त द्यायचं असेल, तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहू द्या. ज्याला कमी मिळालं त्याला पुढे तेच वाक्य वाचायला मिळणार असतं.

इच्छापत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि अण्णांनी सही केली हे पाहून त्या दोघांनी अण्णांच्या समक्ष सही करायची. साक्षीदार घरचे नकोत, ज्यांना काही मिळणार आहे ते तर नकोतच, आणि अण्णांच्या वयाचेही नकोत. माझ्याकडे एक इच्छापत्र आलं होतं, साक्षीदार मंडळातले दोन मित्र, 81 आणि 83 वर्षांचे. इच्छापत्र करणारे 90 पर्यंत जगले. तोवर दोन्ही साक्षीदार गेलेले, आणि त्यांच्या सह्या ओळखणारं माणूस शोधण्यात आमची दोन वर्षं गेली. शेजारची चाळिशीतली दोन माणसं बघा. एक डॉक्टर असले तर उत्तम. "प्रकृती व आकलनशक्ती ठीक आहे" असा त्याच तारखेचा दाखलाही घेऊन ठेवा.

नोंदणी सक्तीची नाही, तरीही मी करायला लावते. खर्च नाममात्र असतो. दुय्यम निबंधकांसमोर माणूस स्वतः जातो, फोटो निघतो, अंगठा उठतो. पुढे "सही बाबांची नाहीच" म्हणणाऱ्याचा निम्मा जोर तिथेच जातो. तिथला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर कायम राहिलाय. खटाव तालुक्यातल्या एका आजींचं बोट मशीनवर उठेना. जन्मभर भांगलण केलेली बोटं, रेषा झिजून गेलेल्या. त्यांनी हात पदराला पुसला, ऑपरेटरने ओलं फडकं दिलं, उजवा अंगठा झाला, डावा झाला. शेवटी एका बोटाचा ठसा लागला. मग साहेबांनी विचारलं, "आजी, हा कागद कशाचा आहे?" आजींनी न अडखळता सांगितलं: माळाचं वावर धाकटीला, विहिरीचा हिस्सा दोघांना, आणि जोंधळ्याची कणगी ठेवायची ती खोली मोठ्या सुनेला, कारण तिनेच मला न्हाऊमाखू घातलं. वकिलाने कितीही चांगलं लिहिलं तरी अण्णांना स्वतःच्या तोंडाने असं सांगता आलं पाहिजे. म्हणून मजकूर मराठीत करा, ते ज्या मराठीत बोलतात तिच्यात. अण्णांना चालणं जमत नसेल तर कारण दाखवून अर्ज करता येतो, अधिकारी घरी येतात.

पुण्या-साताऱ्यातल्या मिळकतीला हिंदू कुटुंबांसाठी प्रोबेट, म्हणजे इच्छापत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं कधीच नव्हतं, तेव्हा ती धास्ती मनातून काढा. हे सगळं मी हिंदू कुटुंब धरून सांगतेय. वाचणाऱ्यांत मुस्लिम घरं असतील तर इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत इच्छापत्राने देता येत नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, अर्धा हिस्सा मुलांसारख्या जवळच्या वारसांसाठी राखलेलाच असतो. तिथली मिळकत असेल तर तिथल्याच वकिलांना विचारा.

नॉमिनीचा गोंधळ आता मिटवू. सोसायटीत अण्णांनी बहुतेक तुमचं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं असेल. त्या काळात सगळे मुलाचंच देत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2019 मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, खरे वारस दाखल होईपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलं: पैसा नॉमिनीच्या हातात येईल, मालकी वारसा कायद्याने किंवा इच्छापत्राने ठरेल. तरी नॉमिनेशन हवंच, कारण त्याने पैसा अडकत नाही. ते आईच्या नावाने करून घ्या म्हणजे कागद आणि हक्क एकाच माणसाकडे राहतील. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतल्या ठेवींना चार नॉमिनी देता येतात, एकत्र टक्केवारीने किंवा एकामागून एक. आई पहिली, मग तुम्ही दोघं भावंडं, असा क्रम लावता येईल.

ठेवी अण्णा आणि आई दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायवर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) करून घ्या. एवढ्याने काम होत नाही, हे बँकेत सहसा कोणी आपणहून सांगत नाही. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याला मुदतीआधी ठेव मोडता यावी, अशी दोघांची लेखी संमती आधीच देऊन ठेवावी लागते. ती नसेल तर नेमक्या दवाखान्याच्या दिवसांत आईला इतर वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. नॉमिनीही नाही आणि खातंही एकट्याचं, असं झालं आणि रक्कम मोठी असली, तर सहसा दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणायचं. वर्तमानपत्रात नोटीस, हरकतीची मुदत, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, आणि काही महिने.

आता जमीन. इथे मात्र खरंच घाई आहे, आणि ती अण्णांमुळे नाही, थोरल्या काकांमुळे आहे. सातबाऱ्यावर काकांच्या नावामागे किंवा जुन्या फेरफारात 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं आहेत का, ते बघा. एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं पण जमीन सगळ्यांची. आजोबा गेले तेव्हा थोरल्याचं नाव असं लावून बाकीच्यांची नावं बाहेर ठेवण्याची रीत गावोगाव होती, त्यात कपट नव्हतं. गोंधळ पुढच्या पिढीत होतो. काका गेले की वारस नोंदीला त्यांची मुलं जातील आणि फक्त त्यांचीच नावं चढतील. मग अण्णा, धाकटे काका आणि आत्या यांना आपला हिस्सा दाव्याने सिद्ध करावा लागेल. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकी केवळ त्याने ठरत नाही, हे खरं. पण नाव नसलेल्या माणसाला दहा वर्षं कोर्टात ते सांगत बसावं लागतं.

काका आहेत तोवर अण्णांनी गावी जावं. आजोबांचा मृत्यूदाखला, त्यांच्यामागे थोरल्या काकांचं नाव लागलं तो फेरफार, आणि सगळ्या भावंडांचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद सुधारण्यासाठी द्यावा. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. 2025 मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती मयतांची नावं उतरवून वारसांची चढवायलाच. तुमच्या गावात तेव्हा काय झालं, ते आधी विचारून घ्या.

या नोंदीत आत्याचं नाव आलंच पाहिजे. जमीन पणजोबांपासूनची आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. "आमची वाटणी पूर्वीच तोंडी झालीय" हे सांगणं आता सहसा चालत नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधीची नोंदणीकृत किंवा कोर्टातली वाटणी दाखवावी लागते. तेव्हा ढोबळ मानाने चार समान हिस्से: थोरले काका, अण्णा, धाकटे काका, आत्या. अण्णांच्या वाट्याला जे येईल त्यातही तुमचा आणि बहिणीचा जन्मतः हक्क आहे, त्यामुळे अण्णा इच्छापत्राने फक्त आपला अविभक्त हिस्सा देऊ शकतात, सगळी जमीन नाही.

बहिणीच्या हक्कसोडाबद्दल मला मनापासून सांगायचंय. अण्णांच्या फ्लॅटमध्ये ते हयात असताना तिचा काही हक्कच नाही. जो हक्क अजून आलेला नाही तो सोडून देण्याच्या कागदाला अर्थ नाही. तसा कागद घेतला तरी पुढे टिकत नाही, आणि घेताना तिच्या मनाला जे लागतं ते मात्र राहतं. माझ्या ऑफिसात भाऊबीजेच्या आठवड्यात हक्कसोडाचे दस्त जास्त येतात, कारण बहिणी तेव्हा माहेरी आलेल्या असतात. बाहेरच्या खोलीत फराळाचा डबा ठेवून आत येतात आणि सही करतात. मी प्रत्येकीला भावाला बाहेर बसवून एकटीला विचारते, तुला काय मिळतंय आणि तू काय सोडतेयस हे माहीत आहे का? बऱ्याच जणींना आकडा ठाऊक नसतो. काही जणी म्हणतात, माहेर राहू दे मला, जमीन नको. त्यांनी समजून सोडलं तर तो त्यांचा अधिकार आहे. पण माहेर तुटेल या भीतीने केलेली सही मी तरी माझ्या ऑफिसात करून घेत नाही. तुमच्या बहिणीला अण्णांनी काय ठरवलंय ते त्यांच्याच तोंडून, सगळ्यांसमोर कळू द्या. तिला कमी मिळणार असेल तरीही.

एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात: अण्णा हयात आहेत पण सही करू शकत नाहीत, असा काळ. पक्षाघात, विस्मरण. तुमच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र असलं की निभावेल असं वाटतं. माणूस गेल्यावर ते संपतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची बुद्धी काम करेनाशी झाल्यावरही ते संपतं, हे ठाऊक नसतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. संयुक्त खातं आणि आईच्या हाताशी राहणारी दोन वर्षांच्या खर्चाची रक्कम, हा त्यावरचा साधा उपाय. आणि शेवटच्या आजारात कृत्रिम यंत्रांवर किती काळ ठेवायचं याबद्दल अण्णांचं काही म्हणणं असेल, तर तेही आधी लिहून ठेवता येतं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

अण्णांशी बोलायचं कसं, याचं उत्तर मला माझ्या घरात मिळालं. माझे वडीलही असेच चिडायचे. मृत्युपत्र हा शब्द उच्चारला की ते पेपर उघडून बसत. मी वकील, आणि माझ्याच घरात कागद नाही. एका रविवारी मी तो विषय सोडून दिला आणि विचारलं, "बाबा, तुमच्या पेन्शनच्या कागदावर आईचं नाव काय लिहिलंय?" त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत बांधलेले कागद काढले, चष्मा लावला. पेन्शनच्या आदेशात आईचं नाव 'शालन' होतं. आधारवर 'शालिनी'. आजोळच्या सातबाऱ्यावर तिसरंच, लग्नाआधीचं. बाबा बराच वेळ ते तीन कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामागे हिला पेन्शन मिळायला हेलपाटे घालावे लागतील?" त्या नावाच्या दुरुस्तीला आम्हाला पाच महिने लागले, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा अर्ज. पण त्या पाच महिन्यांत इच्छापत्रही त्यांनी स्वतःच सांगून लिहून घेतलं. मला एकदाही विषय काढावा लागला नाही.

आपल्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतात, काहींची तर पाळण्यातलीसुद्धा, आणि आईच्या वयाच्या बहुतेकींचे कागद असे दोन-तीन नावांचे असतात. अण्णांची पेन्शन जिल्हा परिषदेची आहे, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन आईचा मुख्य आधार असेल. म्हणून पहिली पेटी तीच उघडा: पेन्शनचा आदेश, आईचं आधार, पॅन, पासबुक, आणि तिच्या माहेरच्या जमिनीचा उतारा असेल तर तो. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का, ते अण्णांनाच बघायला सांगा. त्याच पेटीत फ्लॅटचं खरेदीखत, सूची दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पावत्या सापडतील. त्यांची यादी अण्णांच्या अक्षरात वहीत लिहून घ्या. ती वही हातात आली की पुण्यातले कोणतेही चांगले दिवाणी वकील दोन बैठकांत दोघांची इच्छापत्रं तयार करतील. वकिलांकडे जाताना आईलाही बरोबर न्या. मूळ प्रत अण्णांकडे राहील, आणि ती कुठे ठेवलीय हे तुम्हाला आणि बहिणीला, दोघांनाही माहीत असू द्या. गावच्या जमिनीसाठी मात्र पुढच्या महिन्यावर टाकू नका. थोरल्या काकांची सही हवी आहे, आणि ते 84 वर्षांचे आहेत.